मागच्या सीटखालची आंबापोळी

मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग करतो. एखादा भाग ग्राहकाकडून नापास होऊन परत आला की त्याचं मूळ शोधायचं आणि चार पानांचा अहवाल लिहायचा, हे माझं रोजचं काम. दुसऱ्यांच्या चुकांवर असे किती अहवाल लिहिले याची गणती नाही. स्वतःच्या घरातल्या भानगडीवर मात्र हा पहिलाच.

गाडी आणि माणसं

गाडी आली 30 मार्च 2025 ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर. छोटी एसयूव्ही, पाच जणांची. सीट कापडी, आतला रंग वरून काळा आणि खाली फिकट बदामी. शोरूममध्ये हा बदामी रंग फार खानदानी दिसतो. शोरूममध्ये मुलं नसतात. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सात वर्षांच्या हप्त्यांना असा शुभारंभ झाला.

घरात सहा माणसं. मी, नवरा, सासू-सासरे, थोरली सहा वर्षांची आणि धाकटा अडीचचा. धाकट्याची चाइल्ड सीट मागे डावीकडे आयसोफिक्सच्या, म्हणजे त्याचसाठी गाडीत बसवलेल्या, कड्यांत अडकवलेली, थोरलीचा बूस्टर, म्हणजे पट्टा अंगावर नीट बसावा म्हणून घेतलेली उंच बैठक, उजवीकडे. या दोन्हींच्या किमती ऐकून बाबा हबकले होते. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर हजार रुपये दंड आहे, असं सांगितल्यावर त्यांना ते पटलं. मुलाच्या जिवापेक्षा दंड लवकर पटतो, हे आमच्या पिढीजात काटकसरीचं लक्षण आहे, त्यांचं एकट्याचं नव्हे.

आता मुद्द्याचं. गाडी आली तेव्हा सीटवर कंपनीचं पारदर्शक प्लास्टिक होतं. ते काढायचं नाही, असं एकमताने ठरलं, म्हणजे बाबा म्हणाले, "मुलं मोठी झाली की काढू," आणि कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. हे नोंदवते, कारण अहवालातून स्वतःला वगळायचं नसतं. पुढच्या दोन सीटवरचं मात्र मी पहिल्याच आठवड्यात उतरवलं, कारण आमच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेतूनच फुटून बाहेर येतात आणि त्यावर काही आवळून बसवू नका असं गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मागचं राहिलं. तिथे एअरबॅग नव्हती, त्यामुळे वाद घालायला मुद्दाही नव्हता.

प्लास्टिकच्या जोडीला नियम आला: गाडीत खायचं नाही. बाबांनी पुढच्या सीटच्या पाठीला, थोरलीच्या नजरेसमोर येईल अशी पाटी लावली: "या गाडीत फक्त हवा खावी." ती नुकतीच जोडाक्षरं वाचायला शिकली होती. दर फेरीला एकदा मोठ्यांदा पाटी वाचायची आणि मग बिस्कीट मागायची.

शनिवार, 24 मे

आंब्याचे दिवस. संध्याकाळी सदाशिव पेठेत मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेला आंब्याचा दाट मिल्कशेक, प्यायला गेलो. मी गाडी चालवत होते, आई, म्हणजे सासूबाई, शेजारी, मागे मधे बाबा आणि दोन्ही बाजूंना मुलं. नवरा त्या दिवशी बरोबर नव्हता, हे तो आजही आवर्जून सांगतो.

थोरलीची मस्तानी अर्धी उरली. तिथेच टाकून द्यायची तर बाबांना ते शक्यच नव्हतं. पार्सलचा ग्लास घेतला, वर झाकण, त्यात जाड स्ट्रॉ. घरी जाऊन पी, असं बजावून तो तिच्याच हातात दिला. पुढच्या दोन्ही कपहोल्डरमध्ये चार्जर, किल्ल्या, सुट्टे पैसे आणि गणपतीची छोटी मूर्ती होती. म्हणजे ग्लास ठेवायच्या जागी सगळं होतं, फक्त ग्लास नव्हता.

म्हात्रे पूल ओलांडून डीपी रोडला लागलो. पट्टे पुसून गेलेला एक गतिरोधक मला दिसला तो चाक त्यावर चढल्यानंतर. मागून "आई गं" ऐकू आलं आणि मग एकदम शांतता. त्या शांततेवरूनच कळलं.

गाडी कडेला घेतली. झाकण उडालेलं, निम्मा ग्लास थोरलीच्या फ्रॉकवर, निम्मा बूस्टरवर आणि सीटवर. टिश्यूचं अख्खं पाकीट संपवलं. फ्रॉक बदलला, बूस्टर पुसला, सीटवरचं प्लास्टिक पुसलं, पुन्हा पाण्याने पुसलं. पाचेक मिनिटांत प्लास्टिक आरशासारखं लख्ख. बाबांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी विसरणार नाही. "बघितलंस? म्हणून ठेवलंय प्लास्टिक." मलाही त्या क्षणी ते पटलं होतं.

वास

सोमवारी, 26 मे ला, पाऊस पुण्यात दाखल झाला. एरवी तो जूनच्या दहा तारखेच्या आसपास येतो, त्या वर्षी दोन आठवडे आधीच आला, त्याच दिवशी मुंबईतही पोचला. या तारखेचं प्रकरणात महत्त्व आहे. सोमवारनंतर गाडीच्या काचा खाली करून ती उन्हात लावून ठेवण्याची सोय संपली.

बुधवारी कामावरून निघताना दार उघडलं आणि आंबलेल्या ताकाचा वास आला. शुक्रवारपर्यंत तो ताकाच्या पुढे गेला, जुन्या चीजकडे. रविवारी थोरलीने विचारलं, "आपल्या गाडीला उलटी झाली आहे का?" प्रश्न रास्त होता. दुधातली साखर जिवाणू खातात, आम्ल तयार होतं, तोपर्यंत वास दह्याचा असतो. मग दुधातली चरबी फुटू लागते आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं. उलटीच्या वासातही हेच आम्ल असतं.

पुढचे दहा दिवस आम्ही जे केलं ते इथे सविस्तर लिहायला लाज वाटते, म्हणून भराभर सांगते. डॅशबोर्डवर कापूर. कॉफीची पूड वाटीत. अर्धं लिंबू. मोगऱ्याचा परफ्यूम, त्यामुळे मोगरा आणि चीज असा तिसराच वास. नवऱ्याने एसीचा फिल्टर बदलला. तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दहा मिनिटांचं काम आहे, आणि वर्षातून एकदा बदलावाच, पण या प्रकरणाशी त्याचा संबंध नव्हता. शेवटी एका गाडी साफ करणाऱ्या दुकानात अठराशे रुपये देऊन आतून शॅम्पू करून घेतलं. त्यांनी प्लास्टिक काढलं नाही, आम्ही सांगितलं नाही. जिथे कापड उघडं होतं तिथे भरपूर फेस केला, वर सुगंधी फवारा मारला. चार दिवस गाडीतून फिनेलवाल्या थिएटरसारखा वास आला. पाचव्या दिवशी चीज परत, आणि आता सीट आधीपेक्षा ओली.

कारखान्यात कुणी माझ्यासमोर असं केलं असतं, म्हणजे दोष कुठे आहे ते न शोधता पाच-सहा उपाय एकदम लावले असते, तर मी त्याला बैठकीतून उठवलं असतं.

शोध

वास कुठून येतो हे नाकाला सांगता येत नाही. बंद गाडीत दोन मिनिटांत नाक सरावतं आणि सगळीकडून सारखाच वास येतो. बाबा म्हणत होते एसी, आई म्हणत होत्या डिकीतली छत्री, नवरा म्हणत होता धाकट्याचे बूट.

मी स्वयंपाकघरातला टिश्यूचा रोल घेतला. प्रत्येकी चार पदरांच्या आठ घड्या केल्या, त्यांवर पेनने जागा लिहिल्या: उजवी सीट पुढून, उजवी सीट मागून, मधली, डावी, चारही पायपुसण्यांच्या खाली. प्रत्येक घडी त्या त्या जागी दाबून वर पाण्याची भरलेली बाटली ठेवली. मागच्या सीटवर प्लास्टिकच्या कडेतून हात घालून कापडावर ठेवल्या. वीस मिनिटांनी सगळ्या गोळा करून घरात, स्वच्छ हवेत, एकेक हुंगली. थोरलीला डोळे मिटून हुंगायला दिली. तिने आठातून एक अशी काही दूर फेकली की पुढे लिहायला नको. त्या घडीवर लिहिलं होतं: उजवी सीट, मागून.

आमच्या गाडीत मागच्या सीटची बैठक पुढच्या कडेला दोन खटक्यांवर बसलेली आहे. कडेला हात घालून वर झटका दिला की सुटते. (सगळ्या गाड्यांत असं नसतं, काहींत बोल्ट असतात. आणि पुढच्या सीट घरी काढायच्या भानगडीत कुणी पडू नये. त्यांच्याखालून एअरबॅगच्या वायरी जातात, पिवळ्या जोडाच्या. तिथे हात लावायचा नाही.)

बैठक उचलली. बूस्टरच्या शेजारी, पट्ट्याचं बकल वर यावं म्हणून आम्ही प्लास्टिकला टीचभर चीर दिली होती. मस्तानी त्या चिरेतून आत उतरली होती. वरून आम्ही प्लास्टिक पुसत होतो तेव्हा ती खाली निवांत पसरत होती. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला तिचा पातळ थर वाळून चिकटला होता, केशरी, किंचित सुरकुतलेला, हुबेहूब ताटात वाळत घातलेली आंबापोळी. मधोमध बदामाचा एक काप. त्याखालचं कापड आणि फोम मात्र ओलेच होते, कारण वरून प्लास्टिक असल्यावर वाफ जाणार कुठे? दाबलं की बोटाला पांढुरकं पाणी लागत होतं.

शिवाय सापडलं ते असं: बाकरवडीची खसखस चिमूटभर, ग्लुकोज बिस्किटांचे तुकडे, चिवड्यातली खोबऱ्याची एक चकती, मेणाचा हिरवा खडू, पाच रुपयांचं नाणं, आणि मुंग्यांची अत्यंत शिस्तबद्ध रांग. "या गाडीत फक्त हवा खावी" या पाटीपासून हे सगळं हातभर अंतरावर होतं.

पाच वेळा का

टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर पसरलेली एक पद्धत आहे: दोष दिसला की लागोपाठ पाचदा "का" विचारायचं. वास का? फोममध्ये दूध. फोममध्ये का? प्लास्टिकला चीर. चीर का? बकल वर काढायला. म्हणजे बकल हवं आणि प्लास्टिकही हवं. प्लास्टिक का? गाडी नवी राहावी म्हणून. नवी का राहायला हवी?

पाचव्या "का"शी कारखान्यातही बैठक गप्प होते. जेवणाच्या टेबलावर मी हा प्रश्न विचारला तेव्हा नवरा म्हणाला, विकताना किंमत येते. बाबा काही बोलले नाहीत. रात्री आईंनी सांगितलं, बाबांच्या पहिल्या स्कूटरला दहा वर्षं नंबर लावला होता. ती आल्यावर सीटचं प्लास्टिक फाटेपर्यंत काढलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की हे प्लास्टिक मुलांमुळे नव्हतंच. स्कूटरच्या वेळी तर घरात मूल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः कात्री घेऊन मागचं प्लास्टिक उतरवलं. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. प्लास्टिकवर बूस्टर घसरायचा, तो आता घट्ट बसतो. खरं तर याच एका कारणासाठी ते पहिल्या दिवशी निघायला हवं होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला मस्तानी सांडावी लागली.

सफाई, या खेपेला क्रमाने

बैठक उचलून थेट चौथ्या मजल्यावर बाल्कनीत आणली. आधी वाळलेली पोळी उलथन्याने खरवडली. मग गार पाणी. आईंचा हात गरम पाण्याकडे गेला होता, थांबवला: दुधातली प्रथिनं गरम पाण्याने घट्ट होऊन धाग्याला चिकटतात. दुधाचं भांडंही आपण आधी गारच पाण्यात भिजवतो. आंब्याचा केशरी रंग तेलात विरघळणारा, म्हणून पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकले. घासायचं नाही, सुती फडक्याने दाबून टिपायचं. घासलं की डाग पसरतो आणि कापडाला लव येते.

मग मुख्य गोष्ट. पाळीव प्राण्यांच्या दुकानात, कुत्र्या-मांजरांनी केलेल्या घाणीसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं. प्रथिनं आणि चरबी तोडणारी विकरं, म्हणजेच एन्झाइम, त्यात असतात. हे मारून पुसायचं नसतं, इथेच लोक चुकतात. दूध जितकं खोल गेलं तितकंच ते खोल जायला हवं आणि काही तास ओलं राहायला हवं. मी फोम चांगला भिजवला, वर ओला पंचा झाकला आणि रात्रभर तसाच ठेवला. त्यात डेटॉल नाही, व्हिनेगर नाही, ब्लीच नाही. ही मंडळी वास मारायच्या आधी विकरांनाच मारतात. सकाळी साध्या पाण्याने दोनदा भिजवून, ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी काढलं. व्हॅक्यूम खालच्या मजल्यावरच्या काकूंचा, त्या बदल्यात त्यांना प्रकरण पहिल्यापासून सांगावं लागलं.

वाळवणं सगळ्यात अवघड गेलं. बाहेर संततधार. बैठक दोन खुर्च्यांवर उभी करून टेबलफॅन लावला, तीन दिवस, रात्रंदिवस. धाकटा रोज तिच्याशी बोलून जायचा. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवून ओढून घेतला. उरलंसुरलं आम्ल सोडा मारतो. आधी ओल्यावर टाकला असता तर नुसती लापशी झाली असती.

बूस्टरचं आणि चाइल्ड सीटचं कापड निघतं, ते पुस्तकात दिल्याप्रमाणे मशिनला लावलं. पट्टे मात्र मशिनमध्ये नाहीत, बादलीत नाहीत, फक्त ओल्या फडक्याने सौम्य साबण लावून पुसायचे. भिजवून किंवा कडक रसायनाने त्यांची ताकद जाऊ शकते. हे करताना एक गोष्ट सापडली जी मला अजून अस्वस्थ करते. धाकट्याचं बकल काही दिवसांपासून जरा जोर लावून बसवावं लागत होतं. आत बिस्किटाचा चुरा आणि लाळ यांचं सिमेंट झालं होतं. कोमट पाण्याखाली धरून बटण दाबत राहिले, तुकडे निघाले, आणि पुन्हा नीट "टक" वाजलं. यात तेल घालायचा मोह होतो, घालू नये, तेलावर धूळ बसते. सीटवरच्या डागापायी आम्ही तीन आठवडे घर डोक्यावर घेतलं होतं आणि ज्या खटक्यावर पोराचा जीव, तो कुणी बघितला नव्हता.

त्यानंतर

खाण्यावरची बंदी उठवली. कर्वेनगर ते भोसरी या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या अडीच वर्षांच्या मुलाला हवा खायला सांगणं हा विनोद कागदावरच बरा. आता प्रश्न विचारतो तो एवढाच: सांडलं तर कुठे जाईल? पाणी चालतं, दूध आणि सरबत नाही. केळं चालतं. खाकरा अजिबात नाही, त्याचा चुरा सीटच्या रुळात जातो आणि सीट मागे-पुढे करताना कुरकुरते. बाकरवडी मोठ्यांना, तीही उतरून. धाकट्याला शेंगदाणे गाडीत मुळीच नाहीत, हे स्वच्छतेसाठी नाही, ठसक्यासाठी. इडली फार गुणी आहे. पण पहिला नंबर निघाला दशमीचा. आई एका रविवारी दुधात कणीक भिजवून दशम्या करून घेऊन आल्या आणि मला हसूच आलं. एसटीच्या काळात प्रवासाला याच न्यायच्या, सोबत लसणाची चटणी. मऊ राहतात, चुरा पडत नाही, दिवसभर टिकतात. चटणी तेवढी आम्ही घरी ठेवतो.

कपहोल्डर रिकामे केले. गणपती डॅशबोर्डवर गेला. मागे उंच कडांची रबरी पायपुसणी टाकली, ती उचलून नळाखाली धरता येतात. चाइल्ड सीटच्या खाली जाड टॉवेल घालायची आईंची सूचना होती, ती नाकारली. खाली गुबगुबीत काही आलं की सीट सैल बसते. डिकीत एक झाकणाचा डबा: बाबांच्या जुन्या धोतराचे फाडलेले तुकडे, पाण्याची बाटली, दोन कपडे, बंद होणाऱ्या पिशव्या. टिश्यू नुसता पसरवतो, जुनं धोतर पितं.

ऑगस्टमध्ये दिवेआगरला जाताना ताम्हिणी घाटात धाकट्याने व्हायचं ते केलंच. चाइल्ड सीटवर, माझ्या खांद्यावर, थोडं दारावर. गाडी धबधब्याच्या अलीकडे मोकळ्या जागी घेतली. धोतराचे सात तुकडे, बाटलीभर पाणी, कापड काढून पिशवीत बंद. वीस मिनिटांत परत रस्त्याला. माणगावपर्यंत काचा खाली, सगळे भिजलो, पण संध्याकाळी गाडीला वास नव्हता. बाबा दुसऱ्या दिवशी समुद्रावर थोरलीला सांगत होते, "धोतर कुणाचं होतं?"

त्यानंतर गाडी काही शोरूमसारखी नाही. उजव्या सीटवर, नीट तिरक्या उन्हात बघितलं तर, वाटीएवढा फिकट केशरी गोल दिसतो. दारावर हिरव्या खडूची रेघ आहे, ती मी पुसलेली नाही. खालचे गाडी पुसणारे काका बाहेरून रोज गाडी लख्ख करतात आणि आत डोकावून मान हलवतात.

पाटी बदलली. नवी थोरलीने लिहिली, बाबांनी सांगितली, शुद्धलेखन दोघांचं: "मस्तानी गाडीबाहेर संपवावी. हुकुमावरून."

पुढच्या उन्हाळ्यात, पहिल्या कडक दुपारी, कारखान्याच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर तापलेल्या गाडीचं दार उघडलं तेव्हा मला क्षणभर काहीतरी आल्यासारखं वाटलं. घरी येऊन सगळ्यांना हुंगायला खाली नेलं. नवरा म्हणाला, काही नाही. बाबा म्हणाले, भास आहे. थोरली आत शिरली, उजव्या सीटवर नाक टेकवलं आणि म्हणाली, "थोडासा आंबा. बाकी काही नाही."

मी वर जाऊन टिश्यूचा रोल घेऊन आले.